धुराड्याची भिंत

वाचकहो, तुमच्या घरात एखादी भिंत इतर भिंतींपेक्षा हात-दीड हात पुढे आलेली आहे का? पुण्यातील जुन्या वाड्यांत आणि बंगल्यांत ती अजून कुठेकुठे आढळते. खाली चुलीचा ओटा, ओट्यावर विटांचे छत्र, आणि त्या छत्रातून थेट छपराबाहेर गेलेली पोकळ नळी. लष्करातील साहेबी बंगल्यांमध्ये ही रचना दिवाणखान्यात असे आणि तिच्यासमोर खुर्च्या मांडून मंडळी शेकत बसत. आमच्या आजेसासऱ्यांनी एरंडवण्यात घर बांधले तेव्हा ती स्वयंपाकघरात आली, आणि तिचे नाव पडले धुराडे. तुमच्याकडे अशी भिंत असेल तर तिची डागडुजी आणि सजावट करण्याआधी पुढची हकीकत वाचावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच. तिच्यात चूक माझी आहे. ती लपवून लिहिले असते तर लेख अधिक देखणा झाला असता, पण तुमच्या उपयोगाचा राहिला नसता.

आमच्या सासूबाई आता ९१ वर्षांच्या आहेत, मी ६८ची. म्हणजे घरात सांभाळणारी आणि सांभाळली जाणारी, दोघीही ज्येष्ठ नागरिक. सासूबाई १९५१मध्ये वाईहून लग्न होऊन या घरात आल्या. माहेरी चुलीचा धूर घरभर कोंडून राही. डोळे सदा चुरचुरत. येथे पहिल्याच दिवशी त्यांनी पाहिले की धूर मुकाट्याने वर निघून जातो. "सासर आवडलं ते आधी त्या धुराड्यामुळे, माणसं नंतर आवडली," असे त्या आजही सांगतात. ज्या गोष्टी त्या अजून सांगू शकतात, त्यांपैकी ही एक. त्यांची स्मृती गेली चार-पाच वर्षे विरत चालली आहे.

सत्तरच्या दशकात गॅस आला आणि चूल विझली. पुढे घराच्या दुसऱ्या बाजूला नवे स्वयंपाकघर झाले. जुन्या स्वयंपाकघराची अडगळीची खोली झाली आणि अलीकडे, जिना चढणे बंद झाल्यावर, सासूबाईंची खोली. न्हाणीघर लागूनच, सकाळचे ऊन, तळमजला, सोय उत्तम. पलंगावरून समोर पाहिले की धुराड्याची भिंत. तिच्यावर तेलकट रंगाचे पोपडे, चुलीच्या खळग्यात औषधांचे खोके, वर्तमानपत्रांची रद्दी आणि बंद पडलेला पंखा.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतील गोष्ट. पुण्याची थंडी काश्मीरची नव्हे हे खरे, पण किमान तापमान दहाच्या खाली गेले की नव्वदीतल्या हाडांना ती काश्मीरचीच वाटते. सासूबाईंचे हातपाय गार पडत. विजेच्या हीटरचा प्रकाश त्यांना सोसत नसे. त्या लालभडक कांड्या पाहून त्या "पेटलं, पेटलं" म्हणून घाबरत. तेव्हा मला कल्पना सुचली. खळगा रिकामा करावा, इस्त्रीवाल्याकडून थोडे कोळसे आणावेत आणि शेगडी त्या जुन्या चुलीच्या जागी ठेवावी. धूर जायला धुराडे आहेच! सासूबाई तर हरखून गेल्या. त्यांनी शेगडीला हळदकुंकू वाहायला लावले. मी खिडक्या लावून घेतल्या, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.

तासाभराने त्यांच्या मदतनीस ताई डोके दुखते म्हणू लागल्या. माझेही कपाळ जड झाले होते. सासूबाई पेंगुळल्या, मला वाटले, उबेने झोप आली. मग त्यांना उलटी झाली. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर मी त्यांच्या बोटाला लावला, तर आकडा ९७. म्हणजे प्राणवायू ठीक. पित्त झाले असावे, असे समजून मी आल्याचा रस करायला गेले. त्या दहा मिनिटांची आठवण मला आजही झोपू देत नाही.

आमच्या डॉक्टरांना फोन लावला तेव्हा त्यांनी लक्षणे पुरती ऐकूनही घेतली नाहीत. "तिघींनाही डोकेदुखी? शेगडी? आधी त्यांना बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा, मग बोलू." त्या रात्री सासूबाईंना रुग्णालयात प्राणवायू लावावा लागला. रक्ततपासणीत कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा निष्पन्न झाली.

हे सारे तुम्हाला नेमके कळावे म्हणून थोडे शास्त्र सांगते. कोळसा, लाकूड किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोळ्यांत पाणीही येत नाही. धुरापेक्षा निखारा निरुपद्रवी, अशी आपली समजूत असते. पण धूर निदान चाहूल तरी देतो. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. साधा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतो. हिमोग्लोबिनला चिकटलेला वायू कोणता, हे त्याला ओळखता येत नाही. म्हणून तो ९७ दाखवतो आणि माणूस गुदमरत असतो. न्हाणीघरातील गॅस गीझरचीही हीच कथा. एकाच खोलीतल्या दोघातिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर पित्त, ॲसिडिटी, हवामान असली कारणे शोधत बसू नका. आधी बाहेर पडा.

धुराड्याने दगा का दिला, ते नंतर समजले. अनेक वर्षांपूर्वी छपराची कौले काढून पत्रे घातले तेव्हा पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून कोणीतरी नळीच्या तोंडावर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला होता. फरशी आणि विटांच्या फटीतून पारवे आत शिरले. गवंड्याने वर चढून पाहिले तेव्हा काड्या, पिसे आणि विष्ठा यांचा घट्ट बूच हाताला लागला. बाहेरून धुराडे होते तसेच दिसत होते. आतून त्याचे काम केव्हाच संपले होते.

सासूबाई चौथ्या दिवशी घरी आल्या. या विषबाधेचे मेंदूवरचे परिणाम कधीकधी काही आठवड्यांनीही दिसतात, म्हणून डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितले. फेब्रुवारीत त्या आपल्या धाकट्या मुलाचे नाव विसरल्या. ते त्या रात्रीमुळे, की मूळच्या आजारामुळे? मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही. उत्तर नाही, यातच मला माझे उत्तर मिळाले आणि मी ती भिंत पाडायची ठरवली.

गवंडी आला. त्याने छिन्नी लावून पहिला घाव घातला, तोच सासूबाई पलंगावरून उठल्या. आधाराविना त्या कित्येक महिन्यांत उठल्या नव्हत्या. भिंतीपाशी जाऊन त्यांनी खळग्याच्या डाव्या कडेवर तळहात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. तेव्हा माझ्या ध्यानात आले की ती कड बरोबर त्या उंचीवर गुळगुळीत झाली आहे. चुलीपुढून उठताना वीस-पंचवीस वर्षे त्यांनी तिथेच हात टेकला असणार. गवंडी अवघडून म्हणाला, "वहिनी, आजींना नको असंल तर ऱ्हाऊ द्या की. आन् वरची तुळईबी हिच्यावरच बसल्यासारखी दिसतीय." स्थापत्य अभियंत्याला बोलावले, त्यांनीही तेच सांगितले. भिंत पाडली असती तर छपराचा भार कशावर तोलायचा, हा प्रश्न होता. पुढे आलेली भिंत ही केवळ शोभेची आहे असे गृहीत धरून ती पाडायला निघालेल्या कुटुंबांना माझी विनंती आहे, अभियंत्याला दाखवल्यावाचून एक वीटही हलवू नका.

भिंत राहिली; तेव्हा ती निर्धोक करावी आणि सासूबाईंना आवडेल अशी करावी, असे ठरले. काम मार्चच्या अखेरीस घेतले. पावसाळ्यात चुन्याचा गिलावा वाळत नाही आणि वृद्धांना ओलीचा त्रास होतो. बारा दिवस सासूबाई कोथरूडला माझ्या नणंदेकडे राहिल्या. विस्मृतीच्या रुग्णाला जागा बदलली की गोंधळायला होते, म्हणून त्यांच्याबरोबर त्यांची उशी, गोधडी आणि उशाशी असणारे तांब्याभांडेही पाठवले. तरी पहिल्या दोन रात्री त्यांनी नणंदेला जागवलेच. पण घरात थांबणे त्याहून वाईट ठरले असते. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसात गेली तर तीव्र दाह होऊ शकतो आणि तो पुनःपुन्हा झाला तर फुप्फुसे कायमची निबर होतात. गवंड्याला आणि त्याच्या मुलाला एन-९५ मुखपट्ट्या दिल्या. कोरडे झाडू नका, आधी पाणी मारून भिजवा, मग खरवडून पिशव्यांत भरा, असे बजावले. त्यांनी पहिल्या दिवशी मुखपट्टी गळ्यात घातली. मी समोर खुर्ची टाकून बसले, तेव्हा ती नाकावर चढली.

भिंतीवरचा जुना तेलरंग हाही एक धोकाच. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत किती शिसे आहे हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पॉलिश पेपरने कोरडी घासाई करू दिली नाही. पृष्ठभाग ओला ठेवूनच रंग काढला. घरात लहान नातवंडे येत-जात असतील तर ही काळजी दुप्पट घ्या.

नळी साफ झाली तेव्हा ती कायमची बुजवावी, असा सर्वांचा आग्रह होता. अभियंत्यांनी तसे करू दिले नाही. पोकळीत हवा खेळली नाही तर आतल्या आत बाष्प धरते आणि जुन्या काजळीसह ओल बाहेर झिरपते. म्हणून वर पावसाला अडवणारी टोपी आणि जाळी, खाली खळग्याच्या माथ्याशी वीतभर लांबीची एक झरोकेवजा जाळी, अशी योजना केली. आत पुन्हा कधीही काही पेटणार नाही. नात्यातील एका हौशी गृहस्थांनी तेथे बायोइथेनॉलची शोभेची शेकोटी बसवा, म्हणून पुष्कळ आग्रह धरला. मी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

गिलाव्यासाठी पीओपी आणि प्लॅस्टिक रंग सुचवणारे बरेच भेटतील. जुने विटांचे, चुन्यातले बांधकाम असेल तर चुनाच बरा. तो भिंतीतली ओल धरून ठेवत नाही. मात्र ओला चुना डोळ्यांना आणि कातडीला जाळतो, तेव्हा तो पुरता वाळेपर्यंत वृद्धांना त्या खोलीत आणू नये. हेही सांगून ठेवते की, साठ-सत्तर वर्षांची काजळी एका हातात हार मानत नाही. आमच्याकडे पहिल्या पावसाळ्यात दोन तपकिरी डाग वर आलेच. ते मी पुसायला लावले नाहीत.

आता सजावटीविषयी. येथे माझी आणि सुनेची थोडी ओढाताण झाली. तिच्या मनात संपूर्ण भिंत पांढरी, वर एक मोठे चित्र, खळग्यात काचेच्या बरण्या, असे मासिकातल्यासारखे काही होते. सुंदर दिसले असते, यात शंका नाही. पण ही भिंत पाहणारे डोळे ९१ वर्षांचे आहेत. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. नव्वदीत त्याहून कमी. डोळ्यातील भिंग पिवळट होत जाते, त्यामुळे निळ्या आणि जांभळ्या छटा एकमेकींत मिसळतात. पांढऱ्या भिंतीपुढचा पांढरा ओटा सासूबाईंना दिसलाच नसता आणि त्या त्याला अडखळल्या असत्या. म्हणून भिंतीला फिकट हळदी रंग दिला. पुढे आलेल्या भागाच्या दोन्ही कडा आणि चार बोटे उंचीच्या ओट्याची धार गेरूने रंगवली. अंगणात सडा घालून गेरूने कड काढायची ही जुनीच रीत. ती आता पाय ठेचण्यापासून वाचवते आहे. सुनेने नाक मुरडले, पण गेरू भिजवला तिनेच.

खळग्याच्या डाव्या कडेची ती गुळगुळीत जागा मी गिलाव्याखाली जाऊ दिली नाही. हातभर उंचीच्या विटा उघड्या ठेवल्या, काजळीसकट. फक्त त्या हाताला काळे लागू नये म्हणून चांगल्या पुसून घेतल्या. तिच्या शेजारी, भिंतीत पक्का रोवलेला लाकडी कठडा बसवला. बोहरी आळीत पोलादी कठडे हवे तेवढे मिळतात, पण जानेवारीत पोलाद हाताला गार लागते. सुताराने सागाची गोल दांडी करून दिली, मुठीत सहज मावेल अशी. कठडा कोठे असावा हे आम्ही ठरवले नाही. सासूबाईंचा हात जिथे जातो तिथे खडूने खूण केली आणि तीच जागा पक्की केली.

चित्रे आणि फोटो लावताना बहुतेक घरांत एक चूक होते. उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर खिळे ठोकले जातात. ज्याचा दिवस पलंगावर नाहीतर खुर्चीत जातो, त्याला त्यातले केवळ काचेवरचे ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दिसते. आम्ही फोटो जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर आणले आणि काचा काढून टाकल्या. फोटो तीनच ठेवले: सासूबाईंचे आईवडील, लग्नातील त्या दोघांचा, आणि वाईच्या घाटाचा. आधी सव्वीस फोटोंची यादी झाली होती. नातवंडांचे फोटो लावल्यावर "ही कोणाची मुलं?" असे विचारून त्या खट्टू होत, म्हणून ते काढले. नातवंडे स्वतःच येऊन बसतात, ते बरे. आरसा मात्र तेथे मुळीच ठेवला नाही. विस्मृती असलेल्या माणसाला आरशातली म्हातारी अनोळखी वाटू शकते.

छत्राच्या आतल्या बाजूला, डोळ्यांवर येणार नाही असा, पिवळसर प्रकाशाचा दिवा आहे. संध्याकाळी साडेपाचलाच तो लावतो, कारण दिवेलागणीची वेळ या रुग्णांना फार अस्वस्थ करते. ओट्याजवळ, खाली, हालचाल झाली की लागणारा एक छोटा दिवा आहे. रात्री न्हाणीघराकडे जाताना तो वाट दाखवतो. खळग्यात सासूबाईंचा जुना तांब्याचा बंब ठेवला. तांबट आळीत पाठवून त्याला झिलई करून आणला. त्याचे पोट भिंतीच्या पिवळ्या रंगावर छान चमकते. वरच्या कोनाड्यात अन्नपूर्णा. निरांजनाचा प्रश्न मोठा बिकट झाला. खऱ्या ज्योतीजवळ सुती पदर नको, आणि बॅटरीची लुकलुकणारी ज्योत मला स्वतःला देवापुढे पाहवत नाही. शेवटी, सकाळी मी जवळ बसून निरांजन लावते आणि आरती संपताच ते उचलून नेते. उदबत्ती बंद केली.

उदबत्ती बंद करण्याचे कारण वेगळे आहे. रुग्णालयातील त्या मुक्कामात सासूबाईंच्या फुप्फुसांचीही तपासणी झाली आणि श्वासनलिका जुनाट आजाराने आकसल्याचे निदान झाले. आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही, मग हे कसे? पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले होते की, या आजाराच्या, म्हणजे सीओपीडीच्या, रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीही धूम्रपान केलेले नसते. त्यामागच्या कारणांत चुलीचा धूर मोठा. वाईच्या धुरातली सतरा वर्षे आणि येथली ती पंचवीस, त्यांचा हिशोब फुप्फुसांनी ठेवला होता. तुमच्या घरातील ज्या आई-आजींनी उमेदीचा काळ चुलीपुढे घालवला आहे, त्यांचा दम लागणे केवळ वयावर ढकलू नका. श्वसनक्षमतेची तपासणी साधी असते. नळीत जोराने फुंकायचे एवढेच. सासूबाईंना आता रोज इन्हेलर असतो. तोही त्या कोनाड्यातच, अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवला आहे. तिथे ठेवल्यापासून त्या तो घ्यायला नाही म्हणत नाहीत.

बारा दिवसांनी त्यांना घरी आणले तेव्हा माझी छाती धडधडत होती. नव्या रंगामुळे खोली परकी वाटली तर? त्या दारात थबकल्या. बंबाकडे पाहिले, फोटोंकडे पाहिले, चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. मग नेहमीसारख्या सावकाश पुढे गेल्या आणि हात त्या उघड्या विटांवर ठेवला.

"सारवलंस वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो आई."

"बरं केलंस."

संध्याकाळी दिवे लागले की त्या कधीकधी मला विचारतात, चूल विझवलीस ना? पूर्वी मी समजावत बसे की आई, चूल पन्नास वर्षांपूर्वीच बंद झाली. मग त्या रडवेल्या होत. आता मी उठते, ओट्यापाशी वाकून पाहते, जाळीतून वरून येणारी हवा हाताला लागते ना, तेही पाहून घेते. आणि मग "विझवली" म्हणून सांगते.